मागच्या सीटवरचं दही

आमच्या मजल्यावरचे आबा परब गाडी काढायचे, तेव्हा मागच्या सीटवर दही बसलेलं असायचं. पसरट पातेल्यात घट्ट लागलेलं, वर ताटली, आणि पातेल्याभोवती सीटचा पट्टा. शेजारी माणूस बसला तर आबा त्याला पट्ट्याची आठवणसुद्धा करत नसत. दह्याचा पट्टा मात्र दोनदा ओढून बघत.

डिलाईल रोडवरच्या चाळीत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे चक्रम माणसांचं मला अप्रूप नाही. पण आबांचं वेड उशिरा आलेलं. नोकरीभर हा माणूस बसच्या खिडकीशी डुलक्या काढत ऑफिसला गेला. निवृत्त झाल्यावर पुतण्याने आपली जुनी पांढरी गाडी त्यांच्या गळ्यात मारली आणि आबा साठीनंतर गाडी शिकले. शिकले म्हणजे काय, दर रविवारी तिच्यावरचं कव्हर काढून तिला पुसायचे आणि परत कव्हर घालायचे.

मग काकी पडल्या. काकी म्हणजे आबांच्या सौभाग्यवती. गॅलरीत पाय घसरला आणि मणक्याला तडा गेला. हॉस्पिटलमधून टॅक्सीने घरी आणताना प्रत्येक खड्ड्याला त्या अशा काही ओरडल्या की टॅक्सीवाला घामाघूम झाला. पुढे मणका सांधला. डॉक्टरांनी चाला-फिरा, सावकाश जिना उतरा, असं सांगितलं. पण काकींनी गाडी या वस्तूशीच कट्टी घेतली. "आता माका चौघांनीच उचलून खाली न्हेवचा," असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

अडचण होती भाऊबीजेची. काकींचे थोरले भाऊ नानामामा गिरगावात एका वाडीत राहतात. दर भाऊबीजेला ते आमचे तीन जिने चढून यायचे, ओवाळून घ्यायचे आणि बहिणीच्या हातचं पोटभर जेवून जायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. भावाला चढवत नाही, बहिणीला गाडीत बसवत नाही. "ओवाळीन फोनवरून," काकी म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आबांनी गाडीचं कव्हर काढलं, मागे दही ठेवलं आणि मला हाक मारली.

"मीनल, चल गो गिरगावपर्यंत. दह्याकडे तू बघ, रस्त्याकडे मी बघतंय."

मी शाळेत शिकवते. मला दिवाळीच्या आधी पेपर तपासायचे असतात. पण आबांना हे सांगून उपयोग नसतो.

आता दहीच का, तर दही एकदा मोडलं की मोडलं, त्याची समजूत घालता येत नाही, हे आबांचं शास्त्र. गिरगावला जाऊन यायचं आणि ताटली काढायची. दही अख्खं असेल तर गाडी काकींच्या लायकीची झाली. "हलूक नये," आबा बोट नाचवत म्हणायचे. "हलूक नये म्हणजे हलूक नये!"

पहिल्या दिवशी सातरस्त्यालाच त्याचं ताक झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई सेंट्रलपर्यंत तग धरला. मोडलेलं दही टाकवत नाही, म्हणून ते मजल्यावर वाटलं जाई. त्या दिवसांत आमच्याकडे कुणाच्याही घरी जेवायला बसा, पानात कढी. शेवटी आबांचं पातेलं दिसलं की लोक दारं लोटून घेऊ लागले.

त्यांनी परळच्या एका चकाचक दुकानात गाडी नेली. तिथल्या पोराला म्हणाले, सस्पेन्शन एकदम चांगलं करून दे. त्याच्या मते जे चांगलं होतं ते त्याने केलं. गाडी खाली बसवली, स्प्रिंगा कडक टाकल्या. "अंकल, आता गाडी रोडला चिकटून जाणार," तो म्हणाला. चिकटली ती इतकी की रस्त्यात पडलेली आगपेटीची काडीसुद्धा मला बसल्या जागी कळू लागली.

आबा खचले नाहीत. त्यांनी शिवडीला गोदामांच्या बाजूचे रफिकभाई शोधून काढले. रफिकभाईंनी गाडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच विचारलं, "चाचा, रेस लगानी है क्या?"

"रेस नाय," आबा म्हणाले. "बायको."

रफिकभाई बाहेर आले, हात पुसले आणि सगळी हकिगत ऐकून घेतली. मग धक्के झेलणारे शॉकअप नवे, सांध्यांतले रबरी बुश नवे, स्प्रिंगा नरम असं ठरलं. टायरमध्ये फुटबॉलसारखी हवा भरलेली होती, ती कमी झाली. पण नरम हा शब्द ऐकून आबांना चेव आला. शॉकअपसुद्धा सगळ्यात नरम पाहिजेत, असा त्यांनी हट्टच धरला. झालं, गाडी होडीसारखी डोलू लागली. दही शाबूत राहिलं, पण मला गाडी लागली. आबांनाही लागली. मालवणच्या बंदरावर जन्मलेला हा माणूस ऑपेरा हाऊसजवळ गाडी कडेला घेऊन लिंबू चोखत बसला होता.

पुन्हा शिवडी. स्प्रिंग नरम ठेवायची, पण तिला आवरायला शॉकअप जरा घट्ट हवा, हे रफिकभाईंनी आबांच्या गळी उतरवलं. तोवर आबांना नवी खोड लागली होती. रस्त्यात उभी दिसेल ती गाडी कोपऱ्यावर दाबून सोडायची आणि ती किती वेळा उसळते ते बघायचं. जास्त उसळली की "गेलेत हेचे शॉकअप" असा निकाल. डिलाईल रोडवर दिवसभर उभ्या गाड्यांचे चोर-अलार्म केकाटू लागले. एका लग्नात तर त्यांनी फुलांनी सजवलेली गाडी दाबली, आत नवरदेव असताना.

आणि भाऊबीजेच्या तोंडावर एका दुपारी आम्ही परत आलो, ताटली काढली, तर दही जसंच्या तसं! आबांनी पातेलं सबंध मजल्याला दाखवलं आणि शेवटी काकींपुढे धरलं.

काकींनी नीट निरखून पाहिलं. "दह्याक काय कळता? त्येका मणको असता काय?"

आबांचा चेहरा उतरला. मला काकींचा असा राग आला की विचारू नका. आबा मात्र पातेलं खाली ठेवून एवढंच म्हणाले, "चल तू. दुखला तर माघारी फिरवतंय आणि गाडी विकतंय."

भाऊबीजेला सकाळी काकी जरीची साडी नेसून, निरांजनाचं ताट घेऊन दारात उभ्या. आबा त्यांच्याकडे तोंड करून, एकेक पायरी उलटे उतरत तिन्ही जिने खाली आले.

मी मागे काकींच्या शेजारी बसले. आबा इतके हळू निघाले की हातगाडीवाला आम्हाला मागे टाकून गेला. मागून भोंगे वाजत होते. आबा खिडकीतून हात हलवून म्हणत होते, "जावा, तुमी जावा." काकींनी डोळे मिटून माझा हात करकचून धरला होता. सातरस्ता गेला, मुंबई सेंट्रल गेलं. काकी ओरडल्या नाहीत. ग्रँट रोडच्या पुढे त्यांची पकड सैल झाली. मी घाबरून बघितलं, तर मान माझ्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं. काकी चक्क झोपल्या होत्या.

गिरगाव आलं. वाडीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर नवा सदरा घालून नानामामा बसले होते. "आबा, आलं," मी म्हटलं. आबांनी आरशातून मागे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि गाडी सरळ पुढे नेली.

"आबा, मामा वाट बघतायत!"

"पडल्यापासून ही सलग झोपूक नाय, मीनल," आबा कुजबुजले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "रात्रभर जागी असता आणि मी जागो होवक नये म्हणून कण्हतसुद्धा नाय. तिका वाटता माका कळत नाय. झोपांदे गो तिका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चौपाटीवरून वळसा घालून आम्ही परत वाडीपाशी आलो. नानामामा काठी टेकत उठले होते, चांगलेच तापलेले दिसत होते. आबांनी गाडी रांगत आणली, काच खाली केली आणि गालाखाली हात ठेवून दाखवला. मामांनी वाकून आत पाहिलं. बराच वेळ ते बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मागे सरकून परत खुर्चीत बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जा रे, मार अजून एक फेरी. मी खंय जातंय?"