नंदूचा वाळा

"एक ट्रंक आणि एक वळकटी. तिसरा डाग निघाला तर नावाचा श्यामसुंदर नाही!" असं श्यामसुंदरने अख्ख्या चाळीला ऐकवलं होतं. मे महिन्यात जोधपूर म्हणजे भट्टीतच उतरायचं! तिथे नोकरीला असलेल्या धाकट्या भावाकडे, नंदूकडे, महिनाभर राहायचं होतं. मलमलचे सदरे, उन्हाला उतारा म्हणून कांदे, पन्ह्याची बाटली, सगळं त्याने एका ट्रंकेत असं चापूनचोपून बसवलं की विचारू नका. सामान बांधणारा आपल्यासारखा मुलुंडात दुसरा नाही, याची त्याला खात्रीच होती.

आणि नंदूचं कार्ड आलं.

"दादा, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. येताना वाळा आणा, इथे धड मिळत नाही. मृणालिनीला इतक्यात काही कळवू नका. उगाच घोर लावून घेईल."

कुंदाने कार्ड दोनदा वाचलं आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरलं.

"अहो, वाळा!"

"मग? नेऊ की."

"अहो, तान्ह्या बाळाच्या पायात घालतात तो! आणि भावजींचं लग्न व्हायचंय अजून!"

"नंदू? छे गं!"

"मग रात्र रात्र त्यांना जागवतंय कोण? आणि मृणालिनीपासून लपवायचं काय?"

मृणालिनी म्हणजे घाटकोपरच्या अनंतरावांची मुलगी. साखरपुडा झालेला, मार्गशीर्षातली तारीख धरलेली. दिवा घेऊन शोधलं असतं तरी नंदूला असं स्थळ मिळालं नसतं. ते आता हातचं जाणार!

"बाळाचा काय दोष त्यात?" म्हणत कुंदाने सदरे बाहेर भिरकावले. दुपटी आली, कुंच्या आल्या, बाळंतशोपा आल्या, डिंकाचे लाडू आले (मे महिन्यात! जोधपूरला!), धुरीची शेगडी आली. शेवटी शेजारच्या माणिककडून पाळणा आला. डाग मोजले तर नऊ!

पाळणा कशाला, हे माणिक विचारणारच. "कुणाला बोलू नकोस हं," अशी शपथ घालून कुंदाने सगळं सांगितलं. झालं! माणिकचं माहेर घाटकोपरला. भांडुपला बातमीत एकच बाळ होतं, विक्रोळी ओलांडेपर्यंत जुळी झाली!

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतराव दारात हजर. मागे मृणालिनी.

"श्यामराव, लग्न मोडलं!" पाळण्याला अडखळून पडता पडता ते गरजले.

"पोर चुकलं हो, अनंतराव! पदरात घ्या!" श्यामसुंदरने हात जोडले.

मृणालिनीने मात्र कार्ड मागून घेतलं. वाचलं. आणि जी हसत सुटली, की तिला दाराचा आधार घ्यावा लागला.

"अहो, उकाड्याने झोप नाही त्यांना! आणि वाळा म्हणजे माठात टाकतात ती गवताची मुळं! पाणी गार लागतं, वास छान येतो!"

कुंदा तोंडाला पदर लावून आत पळाली. श्यामसुंदर त्या नऊ डागांत दहावा होऊन उभा राहिला.

अनंतरावांनी कपाळाचा घाम पुसला. "म्हणजे मुलगा निर्मळ आहे. माझी शंका आता घराबद्दल आहे! या असल्या घरात मुलगी द्यायची?"

"द्या हो बाबा," मृणालिनी डोळे पुसत म्हणाली, "मी जोधपूरला राहणार आहे, मुलुंडला थोडीच!"