उन्हात ठेवलेली खुर्ची

"मला पुण्याला पाठवा," मालतीबाईंनी सोफ्याच्या तळातून जाहीर केलं.

परदेशात, हिल्सबरोला मुलाच्या, सुमेधच्या घरात सगळं होतं, फक्त ताठ बसायला खुर्ची नव्हती. सोफा इतका खोल, की मालतीबाई एकदा बसल्या की त्यांना वर काढायला गोविंदराव लागत. दिवसभर मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. कुरकुरायला गुडघे होते, पण बोलायला माणूस नव्हतं. व्हिसा सहा महिन्यांचा आणि बाई तिसऱ्याच आठवड्यात परत निघालेल्या! नातीला सोडून गोविंदरावांचा मात्र पाय निघेना.

त्याच आठवड्यात कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची गाडी जुनं सामान न्यायला येणार होती. गल्लीतल्या प्रत्येकानं दारापुढच्या गवतावर आपला संसार मांडला होता.

"अरे, एवढ्या रुखवतात आमच्याकडे दोन लग्नं लागली असती!" गोविंदराव हळहळले. तेवढ्यात शेजारच्या शर्लीबाईंच्या ढिगात त्यांना ती दिसली. लाकडी, हातांची, ताठ पाठीची. एक पाय लुळा, बाकी ठणठणीत.

"बाबा, प्लीज! लोक काय म्हणतील?" सुमेध कळवळला.

"लोक? सकाळपासून एक मांजर दिसलंय मला!"

सुमेध ऑफिसला गेल्यावर खुर्ची गुपचूप गॅरेजमध्ये आली. पुण्याहून आणलेला फेव्हिकॉल लागला, पाय सुतळीनं करकचून बांधला, वर पॉलिशचा हात फिरला. मागच्या अंगणात ऊन नव्हतं, म्हणून गोविंदरावांनी ती पुढच्या गवतावर वाळत ठेवली आणि चहा प्यायला आत गेले. बाहेर येऊन बघतात तो खुर्ची गायब!

"बाबा, या आठवड्यात गवतावर ठेवलं म्हणजे कोणीही न्यावं!" सुमेध फोनवर ओरडला.

शोध फार लांब गेला नाही. शर्लीबाई आपल्या व्हरांड्यात त्याच खुर्चीत बसल्या होत्या.

"गोविंद, बघ तरी!" त्या आपल्या इंग्रजीत खुशीनं म्हणाल्या. "अगदी माझ्या जुन्या खुर्चीसारखी, पण किती मजबूत! लोक काय वाट्टेल ते टाकून देतात!"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार! लपूनछपून आणलेली वस्तू आता आपली म्हणून सांगायची कशी? गोविंदराव "व्हेरी नाइस" म्हणून परतले.

"तुमच्यानं व्हायचं नाही. मी आणते," मालतीबाईंनी पदर खोचला. "मला इंग्रजी येत नाही तेच बरंय."

गेल्या त्या दोन तास आल्याच नाहीत. गोविंदराव दारापर्यंत चार चकरा मारून आले. एवढ्यात पदरात लिंबं घेऊन मालतीबाई हसत आल्या.

"खुर्ची कुठाय?"

"मागणारच होते. पण तिनं हाताला धरून मलाच तीत बसवलं. अहो, तिचेही गुडघे गेलेत! दोन्ही दाखवले मला. राहू दे खुर्ची तिथेच. उद्या चार वाजता बोलावलंय, खुणेनंच."

"म्हणजे पुणं रद्द?" गोविंदरावांचा जीव भांड्यात पडला.

"बघू. तुम्हालाही बोलावलंय. तुमच्यासाठी दुसरी खुर्ची काढून ठेवलीय तिनं. पाय तेवढा मोडकाय."

आणि मालतीबाईंनी मुठीतली सुतळी नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"ही परत दिलीय. 'गोविंद, गोविंद' म्हणत होती. तुम्हाला लागेल म्हणे."