पेडणेकरांचे राखीव गडी

पेडणेकरांनी आखातातल्या मत्रहच्या देवळात नारळ ठेवला, तो एका अमेरिकन माणसाचा घोटा मुरगळावा म्हणून. फार नाही, आठवड्याभरापुरता. हाड मोडू नये, गुडघ्याला धक्का लागू नये, त्याच्या घरच्यांना घोर लागू नये. देवाला इतक्या बारीक सूचना देणारा भक्त मी तरी दुसरा पाहिला नाही. "कोणाचं वाईट चिंतायचं नाही हो," चपला घालताना ते म्हणाले, "नुसतं बसवायचं त्याला."

तिथल्याच रुसैलच्या ज्या पाइपच्या कारखान्यात मी नोकरीला होतो, तिथे पेडणेकर क्वालिटीचे मॅनेजर. मूळचे मालवणचे. दोघंही माबेल्याला राहायचो, त्यामुळे त्यांचं येणं-जाणं माझ्या गाडीतून. आणि गाडीत विषय एकच, अमेरिकेतले रनिंग बॅक.

हे प्रकरण जरा समजावून सांगतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो बराचसा हातानेच खेळतात. त्यात बॉल काखोटीला मारून समोरच्या गर्दीत घुसतो तो रनिंग बॅक. आता बारा रिकामटेकड्यांनी कॉम्प्युटरवर आपापला संघ मांडायचा, खऱ्या खेळाडूंमधून आळीपाळीने गडी उचलायचे आणि ते मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण आपण घ्यायचे. त्यातला पेडणेकरांचा प्रकार 'डायनॅस्टी'. म्हणजे एकदा पदरात पडलेला गडी वर्षानुवर्षं आपलाच, लग्नासारखा. त्यांचा मुलगा नचिकेत शिकायला अमेरिकेत गेला होता. त्याच्या मित्रांच्या टोळीत एक जण कमी पडला, म्हणून त्याने बाबांना भरती केलं. बाबांनी तोवर कॅरमसुद्धा मनापासून खेळला नव्हता.

पण घुसले ते घुसलेच. खेळाडूंची नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी मालवणी बारसं केलं. कोणी रेडा, कोणी बारक्या, कोणी गणपत. "मांडी बघा, मांडी!" असं म्हणत ऑफिसात ते अर्धनग्न पुरुषांचे फोटो दाखवायचे. एकदा अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, त्यांना गुडघ्याचा एक्स-रे न्याहाळताना पाहिलं. त्याला वाटलं यांचाच गुडघा गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मालिशच्या तेलाची बाटली आणून दिली आणि पेडणेकरांना भिडेखातर आठवडाभर लंगडावं लागलं.

दर वर्षी नव्या गड्यांची निवड व्हायची. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ, इकडे शनिवारची सकाळ. एकदा वहिनींनी घावन्यांना बोलावलं म्हणून मी हजर होतो. बाकीची पोरं नामांकित गडी उचलत होती. पेडणेकरांनी भलताच कोणी उचलला.

"हा कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. म्हणून तर स्वस्त."

आदल्या वर्षी त्यांचा असाच एक 'कोणी नाही' अचानक चमकला होता, तेव्हापासून पोरं त्यांना 'जीनियस अंकल' म्हणत. मी मात्र त्या दिवशी स्क्रीनकडे नीट पाहिलं. नचिकेतच्या संघात जो थोरला, म्हणजे मुख्य रनिंग बॅक, त्याच्याच क्लबातला राखीव गडी पेडणेकरांकडे. एकाच्या बाबतीत नाही, सगळ्यांच्या! थोरला जायबंदी होऊन पडला तरच धाकट्याला भाव.

"तुम्ही पोराच्या मागचेच गडी का हो गोळा करता?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "अहो, त्यांच्यात देवघेव फोनवर बोलूनच करायची असा नियम आहे. थोरला पडला की नचिकेतला ह्यांना फोन करावाच लागतो. एरवी बापलेकांचा फोन म्हणजे 'अभ्यास?' 'चालू.' 'पैसे?' 'आहेत.' खलास!"

"तू घावने बघ," पेडणेकर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

त्या मोसमात देवाने नारळ मान्य केला. नचिकेतच्या थोरल्याचा घोटा मुरगळला. सोमवारी घरी परतताना गाडीतच फोन वाजला. पेडणेकरांनी स्पीकर लावला.

"बाबा, तुमचा धाकटा मला पायजे."

"जेवलास?"

"बाबा, डीलचं बोला ना."

"डीलचंच बोलतोय. उपाशी माणसाशी मी सौदा करत नाही."

"इथे सकाळ आहे. सीरियल खाल्लं. ऐका, नेक्स्ट इयरचा माझा फर्स्ट पिक देतो."

म्हणजे पुढच्या वर्षी सगळ्यांत आधी गडी उचलायचा नचिकेतचा मान! एका राखीव गड्यासाठी! मी स्टिअरिंगवरूनच 'घ्या, घ्या' म्हणून खुणा करू लागलो.

"बघतो इन्शाल्ला," पेडणेकर म्हणाले. "उद्या फोन कर."

फोन बंद झाल्यावर मी चिडलोच. "अहो, सोन्यासारखा सौदा होता!"

"हो म्हटलं असतं तर त्याने फोन ठेवला असता," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मंगळवारीही त्यांनी घोळ घातला. बुधवारीही. मधल्या मधल्या बोलण्यात पोराचा रूममेट सोडून गेल्याचं कळलं, एका विषयात गचकल्याचंही कळलं. पेडणेकर रागावले नाहीत. गुरुवारी परतताना गाडीत फोन आला, तेव्हा नचिकेतचा आवाज मोकळा होता.

"बाबा, थोरला फिट झाला. रविवारी खेळणार. आता धाकटा नको मला."

"अरे वा," पेडणेकर म्हणाले. इतका पडलेला 'अरे वा' मी कधी ऐकला नव्हता. "बरं मग. ठेवतो."

"थांबा ना. ठेवू नका. मी डब्याला पिठलं करतोय. रूममध्ये कोणी नाही. गुठळ्या होतायत."

पेडणेकरांनी जन्मात गॅस पेटवला नव्हता. ते सावरून बसले. "होणारच. आच कमी कर. आता मला सांग, पीठ आधी घातलंस की पाणी?"

त्यांचं घर आलं होतं. मी गाडी न थांबवता तशीच पुढे काढली आणि राउंडअबाउटवरून परत हायवेला लागलो.