वान लुटाचं हाये

आमच्या शेजारचे सुदामकाका बकरीले बी विचारतात, "कोन तू? कोनी पाठोलं तुले?" बकरी बें म्हनते, तं म्हनतात, "नाव लपवून राहिली. सुरक्षेचा प्रश्न हाये!"

मी नववी नापास, मले त्यातलं जास्त समजत नाई. दर्यापूर रोडले आमचं नवं घर, अन् तारेच्या कुंपनापलीकडं कपाशीचा प्लॉट. नव्या वानाची कपाशी, अकोल्याच्या मॅडम त्याच्यावर शोध करून राहिल्या. काई लोक म्हनतात, हे वान म्हंजे जहर हाये, आमी येऊन सारं उपटून फेकू. तसे धमकीचे फोन बी आले. मॅडमनं सांगतलं, एक झाड जरी गेलं तं सारी मेहनत पान्यात. तवापासून सुदामकाका तिथं राखनीले. काकी वारल्या. एकुलता गजू अमरावतीले शिकाले गेला, अन् तिथं त्या उपटनाऱ्याईतच सामील झाला. बापलेकाचं बोलनं बंद.

मी काकाले भेते, अन् काका मले. एकडाव मी बाळाची दुधाची बाटली घेऊन कुंपनाजवळ उभी, तं म्हने, "सूनबाई, तननाशक तं नाई ना त्याच्यात? पिऊन दाखव." बाप्पा, म्या प्याली ना वो! बाळ रडून राहिलं, अन् मी बाटली चोखून राहिली. काका म्हने, "हं. आता जा."

मंग संक्रांत आली. म्या अंजनगावच्या ननंदेले फोन लावला, नेटवर्क नसते म्हनून कुंपनाजवळ जाऊन मोठ्यानं बोलली, "दुपारी या वो साऱ्याजनी प्लॉटवर, वान लुटाचं हाये! उशीर करान तं काईच उरनार नाई!"

आता आमच्या घराले बी लोक प्लॉटच म्हनतात. अन् हळदीकुंकवाले जे वाटतात ते वान, अन् वाटनं म्हंजे लुटनं. ज्याच्या घरात बाईच नाई उरली, त्याच्या ध्यानात हे कसं येईन?

दुपारी ननंदेची जीप भरून बाया उतरल्या, तं काकाची शिटी! कपाशीच्या फाटकापुढं आडवेच झोपले. "माया अंगावरून जा! पन वानाले हात नाई लावू देनार!"

ननंद म्हने, "बुढ्याले भोवळ आली वाटते. कांदा आना वो, कांदा!"

तेवढ्यात पोलिसाची गाडी. काकानं आधीच फोन केला होता. जमादारानं मलेच विचारलं, "म्होरकी तूच ना? लुटीचा माल काढ." आता मले जेलात नेतीन, अन् बाळ अजून अंगावर बी पिते, त्याले कोन पाजन? म्या रडत रडत पिशवी उलटी केली. चहाच्या गाळन्याच गाळन्या.

"हे काय?"

"वान हाये, साहेब."

जमादारानं गाळनीकडं पाह्यलं, बायाच्या कपाळाच्या कुंकवाकडं पाह्यलं, मंग काकाकडं. "अहो काका, संक्रांत हाये आज!" असा हासला का बाळ दचकून उठलं. जाता जाता म्हने, "एक आमच्या बाईसाठी द्या."

बाया घरात गेल्या. काका तसेच फाटकाशी बसले. मी जरा भेत भेतच तिळगूळ घेऊन गेली. हातात घेतला, पन खाल्ला नाई.

"सूनबाई, जीपीतून पयले एक पोट्टा उतरला. पाठमोरा. गजूसारखेच खांदे."

"तो ड्रायवर होता, काका."

"ते मले मंग समजलं ना." कपाशीकडं पाहत राह्यले. "पन ते समजेलोक मी शिटी नाई वाजवली. वाजवनारच नव्हतो."

मी तिथंच बाजूले बसली.

"एखांदं झाड उपटलं असतं त्यानं," काका हळूच म्हने, "तं उपटू देल्लं असतं वो. तेवढा येळ तं थांबला असता."