मालाबरोबर कागद

पाळणा विमानाने पाठवायचं ठरलं तेव्हा मी घरात नव्हतो. म्हणजे देहाने होतो, खुर्चीत बसलो होतो, हातात चहाचा कपही होता; पण मन समुद्रापलीकडच्या एका बंदरावर फिरत होतं. त्या गावाची तीन बिलं सकाळीच ऑफिसात टाइप केली होती, आणि ज्या गावाचं बिल टाइप करावं त्या गावात दिवसभर राहायचं ही माझी जुनी खोड आहे. बायकोने काहीतरी विचारलं. मी 'हो' म्हणालो. (लग्नाला तीस वर्षं झाली की माणूस आधी हो म्हणतो आणि मग प्रश्न शोधत बसतो.)

प्रश्न असा होता. आमची एकुलती एक मुलगी परदेशात असते. तिचं पहिलं बाळंतपण पंधरा दिवसांवर आलं होतं. ती लहानपणी ज्या लाकडी पाळण्यात झोपली तो माळ्यावर धूळ खात पडला होता, आणि बायकोच्या मते तिच्या बाळाने त्याच पाळण्यात झोपायला हवं होतं. मुलीने फोनवर सांगून पाहिलं की तिकडे दुकानात घडीचे पाळणे मिळतात. त्यावर बायको म्हणाली, दुकानातल्या पाळण्याला काय माहीत तू कोण ते. बायको स्वतः पाच दिवसांनी सकाळच्या विमानाने मुलीकडे निघणार होती. पाळणा काही तिच्या बॅगेत मावणार नव्हता, आणि मी तर नोकरीच एअर कार्गोत करतो. तेव्हा ती जबाबदारी माझी, यालाच मी हो म्हणालो होतो.

एअर कार्गोत नोकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पायलट येतो. मी कारकून आहे. विमानाने जाणाऱ्या मालाची बिलं करायची, ती लिफाफ्यात घालायची आणि तो लिफाफा खोक्यावर चिकटवायचा, हे काम मी बावीस वर्षं करतो आहे. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक पाटी आहे: 'मालाबरोबर कागद'. कागदाशिवाय माल पोहोचला तर तो परक्या देशात अनाथासारखा पडून राहतो. हे वाक्य माझ्या इतकं हाडीमाशी खिळलं आहे की शेजारी वाटीभर साखर द्यायची झाली तरी सोबत चिठ्ठी असावी असं मला वाटतं.

बायको निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी घरीच थांबलो. ऑफिसातल्या सुताराने मापाचं खोकं करून दिलं होतं. बायकोने पाळणा जुन्या चादरींत गुंडाळला, आत स्वतः विणलेल्या तीन टोप्या ठेवल्या, आणि मी टेबलाशी बसून कागद जमवू लागलो. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. लाकडाला वास सुटला होता. पाळण्याची कडी सहज हलली आणि कुरकुरली, आणि मी पार सत्तावीस वर्षं मागे गेलो. मुलगी दोन महिन्यांची असताना कशानेच झोपत नसे. गाणं मला येत नाही, म्हणून मी पाळणा हलवता हलवता तिला गावांची नावं म्हणून दाखवायचो, मनाने जाऊन यायचो ती सगळी. तिसऱ्या-चौथ्या गावाला तिचे डोळे मिटायचे. मी मात्र पुढे निघायचो, एकटाच, आणि बायको येऊन पाळणा धरायची तेव्हा परत यायचो.

त्या सकाळी मला परत आणायला कोणी नव्हतं. मन पाळण्यापाशी होतं आणि हात त्यांच्या सवयीने काम करत होते. हातांनी बिल घेतलं, सामानाची यादी घेतली, लिफाफा भरला, चिकटवला. अकरा वाजता आमच्याच ऑफिसची गाडी आली आणि खोकं घेऊन गेली. मी खिडकीतून हातसुद्धा हलवला.

दुपारी जेवायला बसलो. बायको उठून टेबलाचा खण उघडून आली आणि म्हणाली, "अहो, खण रिकामा आहे. पासपोर्ट कुठाय?"

माझा घास हातातच राहिला. कारण मला आठवलं. कात्री घ्यायला हात खणात गेला होता आणि कात्रीबरोबर एक छोटं गडद रंगाचं पुस्तक घेऊन वर आला होता. बाकीचं हातानेच ठरवलं. प्रवास चालला आहे, हा प्रवासाचा कागद आहे, कागद मालाबरोबर जायला हवा. बावीस वर्षांची सेवा एका क्षणात फळाला आली होती.

मी ते सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं. "म्हणजे माझी लेक तिकडे बाळंत होणार, आणि मी इथं तुमच्या तोंडाकडे बघत बसणार," एवढंच ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. डॉक्टरांनी मुलीला सांगितलं होतं की दिवस पुढेमागे होऊ शकतात. जावई आहेत तिथे, पण ते माझ्याच पठडीतले आहेत. (दवाखान्यात मुलीला सोडून नुसती बॅग परत घेऊन येतील, अशी आम्हा दोघांनाही धास्ती होती.) मला माझाच इतका राग आला की मी चपला उलट्या पायांत घातल्या.

टॅक्सीने आम्ही कार्गोच्या गेटवर पोहोचलो. रोज मला नमस्कार करणारा पहारेकरी आज नियमाने वागला आणि त्याने बायकोची ओळख मागितली. मी तोवर आत फोन लावून पाळण्याचं खोकं कुठे आहे ते विचारत होतो. बायकोने पर्समधून काहीतरी काढून त्याला दाखवलं, त्याने वहीत लिहिलं आणि तिच्या गळ्यात पाहुण्यांचा पास अडकवला. मी वळून पाहिलं तर तिचं रडू थांबलेलं होतं. माझ्या धडाडीचा परिणाम, असं मी समजलो.

शेडचे सुपरवायझर म्हणजे आमचे काटासाहेब. जन्म वजनकाट्यापाशी गेल्यामुळे त्यांना हे नाव पडलं आहे, आणि बोलतातही ते मापूनच. त्यांनी एका ढिगाकडे बोट दाखवलं. ॲल्युमिनियमच्या रुंद पत्र्यावर माणसाहून उंच रचलेली खोकी होती, वरून जाळं आवळलेलं, आणि सगळ्यांच्या तळाशी आमचं खोकं, कारण तेच सगळ्यांत मजबूत. वर फुलांची चाळीस खोकी होती. जाळं कापून ती उतरवायची आणि परत रचायची म्हटलं तर सहाचं विमान चुकणार होतं. त्या बाजूचं पुढचं मालवाहू विमान चार दिवसांनी. फुलं तोवर सुकणार होती.

"अर्ज भरा," काटासाहेब म्हणाले.

मी अर्ज भरला. तो चुकीचा निघाला. बावीस वर्षं मी लोकांना चुकीच्या अर्जासाठी परत पाठवत आलो आहे, आणि काउंटरवरच्या माझ्याच सहकाऱ्याने मला त्याच सुरात परत पाठवलं. तो सूर त्याने माझ्याकडूनच उचलला होता. मी दुसरा अर्ज भरला, त्यावर सही करायची राहिली, आणि तिसरा घेऊन मी वळलो तेव्हा बायको जागेवर नव्हती.

ती शेडच्या मधोमध उभी होती. उंच छताच्या काचांतून दुपारचं ऊन खाली उतरलं होतं आणि त्यात धूळ संथ तरंगत होती. एका बाजूला पाण्याने फुगलेल्या पिशव्यांत शोभेचे मासे होते, दुसऱ्या बाजूला भोकं पाडलेली खोकी, आणि त्यांतून चिवचिव ऐकू येत होती. बायको एका खोक्याला कान लावून ऐकत होती.

"यांना खायला कोण घालतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं की ही एका दिवसाची पिल्लं आहेत, अंड्यातलं बळ त्यांना दोन दिवस पुरतं, म्हणून त्यांना असंच उपाशी पाठवता येतं. मग तिने माशांचं विचारलं, फुलांचं विचारलं, आणि हातातला अर्ज विसरून मी सांगत सुटलो. ही फुलं उद्या सकाळी जिथे उतरतील तिथे धुकं असेल. हे मासे एका दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत जाणार आहेत. या यंत्राचा भाग जिथे जाणार आहे तिथल्या गल्लीत एक घड्याळ नेहमी दहा मिनिटं मागे असतं. (हे घड्याळ माझं स्वतःचं.) तीस वर्षांत तिने माझं इतकं सलग कधी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघं उन्हातून असे चाललो होतो की कुठल्या बागेत फिरायला आलो आहोत असं कोणालाही वाटावं.

"यातलं एखादं गाव पाहिलंय तुम्ही?" तिने विचारलं.

"कागदावर सगळी पाहिलीत."

"मग माझ्याबरोबर येत का नाही? रजा मिळत नाही म्हणून सांगू नका. रजा का घेत नाहीत म्हणून तुमच्या साहेबांनीच मला फोन केला होता."

मी इकडेतिकडे पाहिलं. पिल्लांखेरीज जवळ कोणी नव्हतं. "मला विमानाची भीती वाटते," मी म्हणालो.

"ते मला माहीतच आहे," ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला. तो धरला म्हणून मला सांगवत नाही इतकं बरं वाटलं, आणि तेवढीच लाजही वाटली, कारण माझ्यापायी तिचं जाणं अडलं होतं. मी तिसरा अर्ज काटासाहेबांना नेऊन दिला. त्यांनी मोठी कात्री जाळ्याला लावली.

"थांबा," बायको म्हणाली. तिने पर्स उघडली आणि आपला पासपोर्ट काढून दाखवला.

तो तिने आदल्या दिवशीच खणातून काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता आणि ती साफ विसरली होती. गेटवर ओळख दाखवायला हात घातला तेव्हा तोच हाताला लागला होता.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही गेटवरूनच परत फिरवलं असतं. बावीस वर्षांत मला एकदा तरी आत आणलंत का?"

काटासाहेबांनी कात्री बाजूला ठेवली. मग लिफाफ्यात काय आहे, असं त्यांनी विचारलं. बँकेचं जुनं पासबुक असेल, मी म्हणालो. मला तेव्हा कशाचीच फिकीर नव्हती. सहाच्या विमानाने पाळणा गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गेली, आणि तिसऱ्या दिवशी फोनवर मी माझ्या नातीचं रडणं ऐकलं.

ते ऐकून मला काय झालं कोण जाणे. मी तडक ऑफिसात गेलो, महिन्याची रजा मंजूर करून घेतली आणि तिकिटाची चौकशी केली. विमानाची भीती होतीच, पण मी जाणार होतो. दोन दिवसांनी तिकीट काढायला निघालो आणि टेबलाचा खण पुरता बाहेर ओढला. बायकोबरोबर माझाही पासपोर्ट काढला होता, आणि तो कायम याच खणात असे. खण रिकामा होता.

मी खुर्चीत बसून राहिलो. तेवढ्यात मुलीचा फोन आला. पाळणा पोहोचला, नात त्यात झोपलीसुद्धा, असं सांगून ती हसू लागली. तिथल्या कस्टमच्या अधिकाऱ्याने लिफाफा उघडला, पासपोर्टवरचा माझा फोटो नीट पाहिला, आणि मग उठून खोक्यावर दोनदा टकटक केली म्हणे.

"आतून कोणी ओ दिली नाही, तेव्हा त्यांनी मला फोन केला," ती म्हणाली. "हा गृहस्थ या सामानापैकीच आहे का, असं विचारत होते. आईने सांगितलं, हो, यादीत लिहिलंय तसाच आहे. मग त्यांनी लगेच सोडलं."

"यादीत मी काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

मुलीने वाचून दाखवलं. टायपिंग माझंच होतं. 'जुनी, वापरलेली घरगुती वस्तू. व्यापारी किंमत काही नाही.'