बोंडूचं औषध

व्हिटॅमिन सी काय चीज आहे, ते मला आता कुणी शिकवू नये! माझ्या सासऱ्यांवर, म्हणजे दाजींवर, मी स्वतः त्याचा प्रयोग केला आहे.

सासूबाई गेल्यापासून दाजी नुसती पेज आणि सुका बांगडा खायचे. बोलणं तर त्याहून कमी. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मालवणचे डॉक्टर म्हणाले, "व्हिटॅमिन सी कमी पडलंय. ताजी फळं खायला घाला, नाहीतर दात हलायला लागतील." मी लिंबू, पेरू, आवळा सगळं पुढे केलं. दाजींचं उत्तर एकच. "नको!"

मग मोबाइलवर वाचलं, काजूच्या बोंडूत संत्र्याहून जास्त व्हिटॅमिन सी! आणि आमच्या बागेत बी काढून बोंडू गुरांपुढे टाकतात! मी लगेच कळशीभर रस काढला. मी समुद्रकाठच्या देवबागची, मला मासळी कळते. बोंडू नाही. पण कोकमाचं आगळ उन्हात मुरवतात ना, तसाच हा रसही चिमूटभर मीठ घालून उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी फेस आला. म्हटलं, औषधाला जोर चढला!

दाजींनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या रिकामा केला. "आणखी आसा?"

मी हरखून दुसरा दिला! थोड्या वेळाने दाजी खळ्यातल्या माडाला विचारत होते, "काय रे, जेवलंस?"

दारुड्याला पायरी चढू न देणारे आमचे दाजी! माझा नवरा सुशांत धावत आला, कळशी हुंगली आणि ओरडलाच. "अगो, हो रस आंबलो! बाबांक दारू पाजलंस!"

मला रडूच फुटलं. दाजी मात्र ओटीवर बसून बोलतच होते. "आनंदी माका मीठ लावन बोंडू देय होती. अर्धो माका, अर्धो तिका. एकट्यान कसो खावचो?" आईचं नाव ऐकून सुशांतने तोंड फिरवून डोळे पुसले.

सकाळी मी खाली मान घालून गेले. "दाजी, माका कळाक नाय."

"माका पयल्याच घोटाक कळला."

"मग पियालात कित्याक?"

"सुनेन मायेन केलेलो. टाकूचो कसो?"

मी ताजा बोंडू कापला, मीठ लावलं. अर्धा त्यांना, अर्धा मला. रोजचाच नेम झाला. हिरड्यांचं रक्त थांबलं. माझा घसा मात्र बोंडूच्या तुरटपणाने असा धरलाय, की हल्ली घरात बोलतात ते दाजीच!