तुळशीरामकाकांच्या दगडी गोगलगायी

आमचे शेजारी तुळशीरामकाका दगड चाटत. थट्टा नाही, खरंच! वाटेत पांढरट दगड दिसला की उचलायचा, धोतराला पुसायचा आणि जीभ लावायची. ओला झाला की आतली गोगलगाय उठून दिसते, हे त्यांचं शास्त्र. आणि दिसायचीही हो! हरभऱ्याएवढी, पुरती दगड झालेली. “रामाच्याही आधीची हाये बे!” काका ओरडत. नागपूरहून आलेल्या कोण्या गोऱ्या सर्वेसाहेबानं त्यांना सांगितलं होतं, की आमच्या देऊळघाटच्या काळ्या खडकात मधेच पांढरा थर असतो, तो एका जुन्या तळ्याचा गाळ. तेव्हापासून हा माणूस कामातून गेला.

त्यामुळे काकांनी विहीर खणायला घेतली तेव्हा आम्हाला धास्ती होती ती पांढऱ्या थराचीच. विहीर हवी होती अनसूयाकाकूंना. गुडघे पार गेलेले, तरी बिचाऱ्या नदीवरून डोक्यावर पाणी आणत.

एके दिवशी विहिरीतून काकांच्या आरोळ्या आल्या. वाकून पाहतो तर काका तळाशी चक्क नाचताहेत! पाणी लागलं की गूळ वाटायची आमच्याकडे रीत. काकूंनी भेलीच फोडली. अर्धा गाव गूळ चघळत काठावर जमला, आणि काका वर आले ते कोरडे ठणठणीत, हातात दगड घेऊन.

“पाह्य व! अख्खा थर गोगलगायीचा! एकीले एक चिकटून!”

“आन् पाणी?” काकूंनी विचारलं.

“पाणी कायचं? तळं तं कवाचंच आटलं!”

गूळ मात्र कोणी परत केला नाही.

सुरुंगवाले शेखभाई म्हणाले, “काका, पाणी याच्याच खाली हाये. थर उडवा लागते.”

“मले उडवा पयले!” म्हणत काका खाली उतरले आणि थरावर फतकल मारून बसले. दुपारी काकूंनी दोरीनं भाकर सोडली. मग रिकामा हंडा उचलून नदीकडे निघाल्या, पावलोपावली गुडघा धरत. तेवढ्यात काका पाणी मागायला वर आले. ते तिकडे बघतच राहिले.

“शेखभाई,” ते म्हणाले, “ठासा सुरुंग.”

धडाका झाला तेव्हा आम्ही कान झाकले, काकांनी डोळे. धूळ बसली आणि खालून पाझरण्याचा आवाज आला. पाणी! आम्ही आनंदानं ओरडत सुटलो.

काकांनी खाली उतरून स्वतः पहिला लोटा भरला आणि काकूंच्या हातात दिला.

“सांभाळून पे व,” ते म्हणाले, “तळ्यातलं हाये.”